मुका माज

डोणगावात बातमी सुटली होती की अन्नपूर्णाबाईच्या डोक्यावर परिणाम झाला. ती रोज पहाटे गाईच्या मागं हात जोडून बसते आणि शेपटीची पूजा करते. यात पहाट खरी, गाय खरी, शेपटीही खरी. पूजा तेवढी गल्लीनं पदरची घातली. बाई शेपटी उचलून नुसती बघत होती.

चांदी ही तिच्या माहेरची गाय. वासराचं दूध तुटून वर्ष होत आलं, तरी माजावर येऊन पुन्हा फळायचं नाव नाही. त्या साली बीटी कपाशीवर लाल्या रोग आला, चाऱ्याचेही वांधे झाले, तेव्हा नवरा दयाराम म्हणाला, भाकड जनावर पोसणं आता जमायचं नाही. बाजाराच्या दिवशी मतीन व्यापारी येऊन घेऊन जाईल. कोणी म्हणे बीटीची सरकी खाऊन वांझ झाली, कोणी म्हणे नजर लागली. त्या घरात बायकोच्याही वाटचं दयाराम एकटाच बोलायचा.

अन्नपूर्णाबाई उठली आणि जनावरांच्या दवाखान्यातून दीपमाला डॉक्टरीणबाईंना घेऊन आली. बाईंनी खांद्यापर्यंत हातमोजा चढवला, आत हात घालून चाचपलं आणि सांगितलं, की गाय वांझबिंझ नाही, सरकीचाही काही दोष नाही. अंडाशयावर एक पिवळी गाठ धरते. ती आहे तोवर तिचं हार्मोन माज दाबून ठेवतं. गाठ विरली की ते उतरतं, दुसरं चढतं, माज येतो आणि बीज सुटतं. दर तीन आठवड्यांनी हे चालूच आहे. फक्त ही माजावरच्या इतर गाईंसारखी हंबरत नाही, दुसऱ्या गाईवर उडत नाही.

"याले मुका माज म्हणतात," त्या म्हणाल्या. "शेपटीले काचेसारखी चिकट तार लोंबलेली दिसली, की मले बोलवा."

किती असतं ते हार्मोन, एवढंच अन्नपूर्णाबाईनं विचारलं. माज आणणारं तर गाईच्या साऱ्या रक्तातलं गोळा केलं तरी मिठाच्या एका कणाएवढं भरायचं नाही, असं उत्तर आलं.

भाजीत मीठ टाकताना तिनं एक कण बोटावर धरला, दाराच्या उजेडात नेला. याहून कमी, आणि तेवढ्यावर एवढी थोरली गाय फिरते. आपल्याच गोठ्यात, डोळ्यांदेखत हे भरतीसारखं येत होतं, जात होतं, अन् कोणाला पत्ता नाही. ती बघतच राहिली. त्या दिवशी भाजी अळणी झाली, हेही दयारामनं गल्लीभर सांगितलं.

बाजाराच्या दिवशी मतीन दोर घेऊन दारात उभा राहिला, आणि त्याच पहाटे तार दिसली होती. स्वच्छ, लवलवती, उन्हाच्या पहिल्या तिरिपेत चमकणारी. चांदी मात्र रवंथ करत उभी, जसं काही झालंच नाही. अन्नपूर्णाबाईनं तेव्हाच डॉक्टरीणबाईंना निरोप धाडला होता.

दयाराम दावं सोडू लागला. गाय हंबरली नाही तर माज कसला, त्याचं म्हणणं. बाईनं दावं त्याच्या हातातून घेतलं आणि खुंट्याला परत गाठ मारली. मतीन हसला, भाभीनं धरलेलं दावं आपल्याच्यानं सुटत नाही म्हणाला आणि दोर खांद्यावर टाकून निघाला. दुपारच्या आत डॉक्टरीणबाई येऊन कृत्रिम रेतन करून गेल्या.

संक्रांतीनंतर तपासलं तर चांदी गाभण. दयारामनं चार माणसं गोठ्यात आणून दाखवली, जशी काही सारी करामत त्याचीच. मग भर लोकांत बायकोला विचारलं, "पण हंबरल्याबिगर तुले समजलं कसं वं?"

अन्नपूर्णाबाई शेण काढता काढता म्हणाली, "मी या घरात कधी हंबरली काय? तरी तीन लेकरं झालीच ना."