उचगावच्या सहा खोल्या आणि जोतिबाचा गुलाल

करवीरनिवासिनी श्रीमहालक्ष्मीस वंदन करून आणि प्रत्येक उंबरठ्याखाली निजलेल्या वास्तुपुरुषाचे स्मरण करून हे लिहावयास बसलो आहे. निमित्त आजच्या अक्षय्य तृतीयेचे. सकाळीच शेजारचे एक तरुण जोडपे आले होते. हाती रोकड थोडी. परंतु एखादी लहानशी इमारत घेऊन भाड्याने द्यावी आणि येणाऱ्या भाड्यातूनच तिची किंमत फेडावी, असा त्यांचा बेत. "हे जमते का?" असे त्यांनी विचारले. जमते. वकिलीच्या काळात असे काही व्यवहार मी स्वतः लिहून दिले आहेत. त्यांपैकी एक मात्र अजूनही संध्या करताना मनात येतो. तोच येथे सांगतो.

मारुती खोत माझ्या टेबलासमोर बसला होता. त्याची पत्नी हौसाबाई दाराशी उभी होती. टेबलावर दोन नोटिसा टाइप होऊन तयार होत्या. केवळ सही राहिली होती.

"सही करा, मारुतीराव."

"न्हाय जमायचं, अप्पा."

"सही केली नाहीत, तर पुढच्या महिन्यात घर जाईल."

"जाईल की."

हौसाबाई दारातूनच कडाडल्या, "जाईल की म्हणं! जसं काय खुराड्यातलं कोंबडं जायचंय!"

सत्तरच्या दशकाचा तो उत्तरार्ध. मी कोल्हापुरात दिवाणी वकिली करीत होतो. मारुती शिरोलीच्या एका फौंड्रीत मोल्डर होता; म्हणजे वितळलेले लोखंड ज्यांत ओततात, ते वाळूचे साचे तो तयार करीत असे. लग्न झाल्यापासून हे दांपत्य दुसऱ्याच्या खोलीत राहत होते. उचगावात ओळीने सहा खोल्यांची एक कौलारू चाळ विकावयाची आहे, हे कळल्यावर तो माझ्याकडे आला. एका खोलीत आपण राहावे, पाच भाड्याने द्याव्यात, असा त्याचा विचार. बँकेने जुन्या चाळीवर कर्ज देण्यास नकार दिला होता. आम्हाला दुसरा मार्ग शोधणे भाग होते.

चाळीच्या मालकीण सुमतीबाई या निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांचा भाऊ पक्षाघाताने अंथरुणास खिळलेला. त्यांना एकरकमी पैशापेक्षा दरमहा येणारा पैसा अधिक उपयोगी होता. म्हणून मी साठेखत केले. साठेखत म्हणजे पुढे खरेदी करून देण्याचा करार. विसार घेऊन सुमतीबाईंनी ताबा आधी द्यावा, मारुतीने भाड्यातून दरमहा हप्ता भरावा आणि सर्व हप्ते फिटल्यावर खरेदीपत्र व्हावे, अशी रचना होती. सलग तीन हप्ते चुकले, तर करार रद्द होऊन ताबा परत जावयाचा. ही अट कठोर होती. परंतु सुमतीबाईंची चूलच त्या हप्त्यावर पेटणार होती.

राहिला विसार. तो मारुतीने भिशीतून उभा केला. फौंड्रीतले सोबती दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करीत आणि ती एकेकास आळीपाळीने मिळे. सर्वांनी पहिली पाळी मारुतीला दिली. त्यांच्यातलेच पाच जण त्याचे भाडेकरू झाले आणि डिपॉझिटही त्यांनी आगाऊ दिले. म्हणजे भाडेकरूंनीच आपला मालक उभा केला! व्यवहार सुबक होता. दारावर तोरण बांधताना हौसाबाई हसल्या होत्या आणि लगेच डोळे पुसत आत गेल्या होत्या.

पुढे मालक-कामगारांचा वाद होऊन फौंड्रीचे गेट बंद झाले. सहाही घरांतला पगार एकाच दिवशी थांबला. पाचांपैकी दोघांचे भाडे तर त्याच्याही आधीपासून थकलेले होते आणि मारुतीने ते कधी मागितले नव्हते. हौसाबाईंची बोरमाळ विकून एक हप्ता गेला. पुढचे दोन चुकले. तिसरा तोंडावर आला.

माझा उपाय सरळ होता. त्या दोन थकलेल्या भाडेकरूंना नोटीस द्यावयाची. दावा लावला तर निकालाला वर्षे लागली असती हे खरे. पण दोघांची गावाकडे घरे होती, नोटीस मिळताच ते खोल्या सोडतील असा माझा अंदाज होता. कोल्हापुरात नोकरी करणारे दोन कारकून डिपॉझिट हातात घेऊन खोल्यांची वाट पाहत होते. त्या डिपॉझिटांतून तीन-चार हप्ते सहज निघाले असते.

"अडचण काय आहे ती तरी सांगा," मी म्हणालो.

मारुतीने मान खाली घातली. "भिशीची पयली पाळी मला दिली, त्या दिवशी आमी समदी जोतिबाला गेलतो. पायरीवर गुलाल हातात घेतला. म्हणलं, घर माज्या हातात हाय तवर तुमच्यातल्या कुनाला खोली सोडा म्हननार न्हाय."

साठेखत लिहिताना ही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. कागदावर तिची एक ओळही नव्हती.

हौसाबाई पुढे आल्या. "अप्पा, तुमी एवढं संस्कृत शिकलायसा. शपथ सोडवायची वाट पोथीत कुठंतरी असंलच की!"

मी घरी जाऊन धर्मशास्त्राचे ग्रंथ काढले. ज्यांच्या हितासाठी शपथ घेतली, त्यांनीच संतोषाने मोकळे केले आणि शपथकर्त्याने प्रायश्चित्त घेतले, तर त्यास दोष राहत नाही, असा माझा अभिप्राय झाला. तो हौसाबाईंना कळविला. दोन दिवसांनी त्या दोन्ही भाडेकरूंना घेऊनच त्या ऑफिसात आल्या. मागून मारुती आला. भाडेकरूंपैकी बंडा म्हणून जो होता, तो खुर्चीत बसण्याआधीच बोलू लागला.

"मारत्या, कर सही. आमी दोघं जातो गावाला. म्हस हाय घरात, दूध पिऊन लठ्ठ हुतो."

"माज्यापायी आपनहून गेलासा तरी मीच काढल्यागत हुतंय. तुमी मोकळं केलंसा. पर गुलाल ज्येच्या म्होरं उचलला, त्येनं केलंय का?"

"आन् त्यो काय माज्या खोलीचं भाडं भराय येनार हाय व्हय?"

मारुती हसला नाही. मी म्हणालो, "मारुतीराव, शास्त्रात वाट आहे. मी पाहून आलो आहे."

"शास्त्रात असंल, अप्पा. पर गुलाल ह्या हातात हुता." त्याने तळहात टेबलावर उताणा ठेवला. साच्याच्या वाळूने चिरा पडलेला तो तळहात.

यापुढे आग्रह करणे माझ्याच्याने झाले नाही. नोटिसा फाईलमध्ये ठेवल्या आणि मुदत मागण्यासाठी सुमतीबाईंकडे गेलो. आतल्या खोलीत त्यांचा भाऊ कण्हत होता.

"वकीलसाहेब, त्या माणसाबद्दल माझ्या मनात किल्मिष नाही," त्या म्हणाल्या. "पण औषधवाला दोन महिने थांबला आहे. मी आणखी कोणाला थांबायला सांगू?"

तरीही त्या पंधरा दिवस थांबल्या. त्या पंधरा दिवसांत गेट उघडले नाही.

ताबा देण्याच्या दिवशी मी हजर होतो. भाडेकरूंना त्या काळी कायद्याचे संरक्षण होते. त्यामुळे पाचही बिऱ्हाडे जेथल्या तेथे राहिली. बाहेर पडावयाचे होते ते एकट्या मालकास. सुमतीबाई स्वतः हौसाबाईंना म्हणाल्या, "तुम्ही ही खोली सोडू नका. भाडेकरू म्हणून राहा. भाडे सवडीने द्या."

"न्हाय बाई," हौसाबाई म्हणाल्या. "ह्या दाराला मी मालकीण म्हणून तोरण बांधलंय. आता ह्याच दारात पावती घ्याय मी उभी ऱ्हानार न्हाय."

बंडाने न सांगता त्यांची ट्रंक उचलून टांग्यात ठेवली आणि तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. ते दांपत्य नेसरीला, हौसाबाईंच्या माहेरी गेले. कराराप्रमाणे वजावट होऊन जी रक्कम परत मिळाली, ती मारुतीने भिशी आणि डिपॉझिटे फेडण्यात घातली.

काही महिन्यांनी फौंड्रीचे गेट उघडले. मारुती कामावर परतला, परंतु एकटाच. दोघा-तिघांत एक खोली घेऊन तो शिरोलीतच राहू लागला. चाळ ज्या रस्त्यावर होती, तो रस्ता त्याने टाकला होता, असे बंडाकडून कळले. भाडी पुन्हा वेळेवर येऊ लागली होती. ती आता सुमतीबाईंना मिळत होती.

पुढे एका दाव्याच्या पाहणीसाठी नेसरीस गेलो असता मी हौसाबाईंची विचारपूस करावयास गेलो. त्या भावाच्या घरी पुढच्या सोप्यात शेंगा फोडीत होत्या. त्यांनी पाणी दिले, चहा केला. मी म्हणालो, "मारुतीरावांसारखा वचनाचा पक्का माणूस मी क्वचितच पाहिला. तुम्ही आता कोल्हापूरला या."

त्यांचे हात थांबले.

"गुलाल उचलून दिलेला शबूद त्येंनी पाळला, अप्पा. माजं काय म्हननं न्हाय. पर लगीन झाल्यावर मलाबी म्हणालं हुतं, तुला तुजं घर देतो. तवा हातात गुलाल न्हवता." आणि त्या पुन्हा शेंगा फोडू लागल्या.

चहा संपवून मी निघालो. त्या कोल्हापूरला परत आल्या नाहीत.

या प्रकरणातून व्यवहाराचे जे ज्ञान मला झाले, ते कोरडेच आहे. भाड्यावर हप्ते फेडावयाचे असतील, तर सर्व भाडेकरू एकाच कारखान्यातले असू नयेत. एखाद-दोन महिने भाडे आले नाही तरी हप्ता जाईल, एवढी शिल्लक विसारापूर्वीच बाजूस असावी. आणि दस्त लिहिण्याआधी मी पुढे प्रत्येक पक्षकारास विचारू लागलो: कागदाबाहेर कोणाकोणाला शब्द दिला आहे? घरात कोणाला दिला आहे? पुष्कळांना पहिल्या प्रश्नाचे उत्तर लगेच देता येई. दुसऱ्या प्रश्नाला ते पत्नीकडे पाहत.

वाचकहो, आपली वास्तू स्वतःची असो वा भाड्याची, तिच्यात अन्न, आरोग्य आणि परस्परांविषयीचा विश्वास अखंड नांदो. आपल्या घरातील गृहिणीस आपल्याच दारातून कधी निरोप घ्यावा न लागो, हीच जगदंबेच्या चरणी प्रार्थना. शुभं भवतु.