माया सोडून काढलेलं शेत

माझ्या थोरल्या भावाचं खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने हलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि त्याला पिशोरहून चिकलठाण्याला, धाकट्या मुलाच्या घरी आणून निजवलं. शेत थोरल्या मुलाच्या हाती राहिलं. त्याच्यावर भावाचा काडीचा भरवसा नव्हता. पंधरा दिवस कसेबसे काढून एका शुक्रवारी तो म्हणाला, "सोमवारी जीप सांगितलीय. शेत बघून येतो."

"त्या रस्त्यानं? पिशोर येईपर्यंत हाड पुन्हा निखळंल, दादा," मी टोकलं.

"निखळू दे. हाड माझंच हाय ना?"

सगळे त्याच्या विनवण्या करत बसले. मला विनवण्या जमत नाहीत. मी म्हटलं, "विहिरीवर उभं राहून दिसतं तेवढं सगळं शेत एका चित्रात आणते. मग पडून राहशील?"

"राहीन. पण अख्खं पाहिजे, बाई. तुकडे पोरानं लई धाडले."

शनिवारी एसटीनं पिशोर गाठलं. मोबाईल फिरवत एकच लांब फोटो काढायची सोय असते, पण माझा हात कापतो आणि जमीन लाटेसारखी येते. म्हणून सुटे फोटो काढले. एक मक्याचा, एक कपाशीचा, एक अद्रकाचा. प्रत्येक या बांधापासून त्या बांधापर्यंत. एकही गोष्ट दोनदा घेतली नाही. काम नेटकं झालं म्हणून खुशीत गारखेड्याला घरी आले.

नातीनं फोटो कॉम्प्युटरवर चढवले आणि मान हलवली. "आजी, हे जुळत नाहीत. एका फोटोच्या कडेचं थोडं पुढच्या फोटोत परत यायला पाहिजे. त्यावरूनच तर त्याला कळतं, कशाला काय जोडायचं ते."

मी कपाळावर हात मारला. चाळीस वर्षं मी ब्लाउज शिवले. शिवणीसाठी कडेला जास्तीचं कापड ठेवतात, त्याला माया म्हणतात. माया न सोडता कापलं की जोडता येत नाही, हे शिकायला येणाऱ्या पोरींना मी ओरडून ओरडून सांगायची. आणि स्वतः शेत काठोकाठ कापून आणलं होतं.

"मग सरळ म्हण ना, माया सोडायची."

"व्हय, माया," नात हसत म्हणाली. "चांगली तीन बोटं सोड."

रविवारी पुन्हा पिशोर. भाचा म्हणाला, "आत्या, काल तर काढले फोटो!"

"काल बिनमायेचे काढले. तुला कळायचं नाही. बाजूला हो."

विहिरीच्या कठड्याला पाठ टेकली, पाय हलवले नाहीत, नुसती कमरेतून वळत गेले. दर वेळी मागच्या फोटोतलं थोडं पुढच्यात घेतलं. अकरा फोटो झाले. संध्याकाळी नातीनं बटण दाबलं आणि शेत या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसंध झालं. मागचा डोंगरही कुठं तुटला नाही. मी चष्मा लावून शिवण शोधली, सापडली नाही. असं काम माझ्या मशीनवरही क्वचितच झालं असेल.

तसंच उठून फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "वाढदिवस कुणाचा, आजी? नाव कुठं टाकू?"

"कुणाचा नाही. शेत आहे, तसंच छाप."

सोमवारी सकाळी खाटेसमोरच्या भिंतीवर आठ फुटी फ्लेक्स ताणून बांधला. जीप दारात उभीच होती. भाऊ डावीकडून उजवीकडं बघत गेला, मग परत उलटा आला.

"सून दोनदा कशी काय?"

मी वळत होते तेव्हा भाचसून डोक्यावर घमेलं घेऊन चालली होती. ती मक्यातही आली आणि कपाशीतही.

"तुझ्या शेतात एकीनं भागत नाही, दादा."

तो हसला नाही. त्याचं बोट वर गेलं. "अद्रकाच्या त्या कोपऱ्यात पाणी तुंबलंय. पानं पिवळी पडलीत. फोन लाव त्याला!"

मग अर्धा तास तो थोरल्याला झापत होता. कुठली सरी फोडायची, पाणी कुणीकडं काढायचं, सगळं भिंतीकडं बघून सांगत होता. जीपवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, "काका, निघायचं ना?"

"कुठं? मी शेतातच हाय. दिसत नाय का?"

जीप रिकामी गेली. मी जिंकले होते आणि तसं त्याला तोंडावर म्हणूनही दाखवलं.