दुसरं उत्तर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, ऑफिसात तू नेमकं करायचीस काय?" आमची कंपनी इमारतींत लिफ्ट बसवायची. कामावर जखमी झालेल्या माणसांना परत कामावर आणणं, हे माझ्याकडे होतं. आधी व्यायाम, मग हलकं काम, मग जमलं तर जुनं. सांगायला इतकं सोपं.

एक मेकॅनिक होता. काम चालू असताना वरून लोखंडी वजन सुटलं. लिफ्टच्या टपावर उभ्या असलेल्या त्याचा खांदा मोडला. खाली खड्ड्यात काम करणारा त्याचा जोडीदार जागीच गेला. खांदा बरा झाल्यावर आम्ही त्याला घाटकोपरच्या स्टोअरमध्ये बसवलं. तो मात्र एकच मागायचा, साइटवर पाठवा.

शेवटी मुलुंडच्या एका नव्या टॉवरमध्ये त्याला टपावर उभं केलं. आज जमलं तर जुनं काम, नाहीतर कायमचं स्टोअर. ते मी ठरवायचं होतं, म्हणून त्याच्यासमोरच, मजल्यावरच्या उघड्या दाराशी थांबले. नवा जोडीदार खड्ड्यात. वरच्याने हाक द्यायची, खालच्याचं उत्तर आलं की मगच बटण दाबायचं, अशी त्यांची रीत.

"खाली घेतोय!"

"घे!"

तो बटणावर बोट ठेवून तसाच उभा.

"अरे मेल्या, घे म्हटलंय ना!" खालून मालवणी गडी ओरडला. "आता काय पत्रिका छापून देऊ?"

"थांब रे," हा हळूच म्हणाला. "अजून एक उत्तर यायचंय."

मला तिथे उभं राहवेना. "आज राहू दे," मी म्हटलं. "स्टोअरचं काम आहेच."

"मॅडम, तिथे नका पाठवू. मी तिथे बसलो की तो, माझा जुना जोडीदार, इकडे एकटा पडतो."

खाली सगळं ऐकू गेलं असणार. मग अंधारातून दबक्या आवाजात, थट्टा न करता: "घे रे खाली."

त्याने बटण दाबलं. लिफ्ट सावकाश माझ्यासमोरून उतरली.

मी त्याला साइटवर ठेवलं. खालच्याने दोनदा उत्तर द्यायचं, एवढंच सांगितलं. सुपरवायझरला म्हटलं, सुरक्षिततेसाठी.

काही महिन्यांनी तो मालवणी गडी माझ्या टेबलापाशी येऊन उगाच बसला. "मॅडम, दुसऱ्यांदा ओरडतो ना, तो आवाज मला माझा वाटत नाय."

"मग बंद करू या का ते?"

"नको, नको," तो घाईने म्हणाला. "मग वरचा बटण दाबायचा नाय."