नोंदवहीत माझं नाव नव्हतं

हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. बायकोला नाही, कॉलेजातल्या मित्रांना नाही, आमच्या दवनीवाड्यात तर मुळीच नाही. मी पोलिसांसमोर खोटं बोललो, आणि त्या खोट्याची शिक्षा दुसऱ्या माणसानं भोगली. एका वाक्यात सांगून झालं — पण तेवढ्यावर थांबलो तर पुन्हा लपवल्यासारखंच होईल. म्हणून थोडं मागून सांगतो. मध्येच उठलो, खोलीत फेऱ्या मारून आलो, तर समजून घ्या. हे लिहायला बसलो की मला एका जागी बसवत नाही.

गोंदियाच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवतो. तेव्हा नोकरी कायम व्हायची होती आणि मी पीएच.डी.ला बसलो होतो. विषय — देशोदेशी पसरलेल्या इस्लामी दहशतवादी संघटना. त्या कशा जन्मल्या, कशा वाढल्या. अफगाणिस्तानातल्या युद्धासाठी जमलेले परदेशी तरुण युद्ध सरल्यावर कुठे गेले? एका देशातल्या गटाचं नाव दुसऱ्या देशातला गट का उचलतो — ओळख ना पाळख, नुसतं नाव? कॅसेट जाऊन सीडी आली, सीडी जाऊन वेबसाइट आली, तेव्हा काय बदललं? गोंदियात बसून हा अभ्यास करायचा म्हणजे इंटरनेटशिवाय मार्ग नव्हता, आणि माझ्या घरी इंटरनेट नव्हतं.

ते होतं शब्बीरकडे. शब्बीर दवनीवाड्याचाच, शाळेत माझ्या दोन वर्ग मागे. त्याची माय बिड्या वळायची. त्यानं स्टेशनजवळ एक गाळा भाड्यानं घेतला होता — चार संगणक, एक झेरॉक्स, लग्नपत्रिकांचे नमुने काचेखाली मांडलेले. दुपारी कॉलेज सुटलं की मी तिथे जायचो. कोपऱ्यातला संगणक माझा ठरलेला. त्या गटांची पत्रकं, भाषणं, जाहीरनामे, जे मिळेल ते मी उतरवून ठेवायचो. उर्दूत असलं की शब्बीर खुर्ची ओढून शेजारी बसायचा, वाचून अर्थ सांगायचा. सांगता सांगता चिडायचा.

"पाहा भाऊ, धर्म आमचा अन् धंदा या लोकायचा! हे का वाचून राहिले तुमी? डोस्कं फिरन एक दिवस."

"मार्क मिळतात रे याचे," मी म्हणायचो.

"मंग माहं बी नाव लिवा त्याच्यात. अर्धा डाक्टर तर मी झालोच."

आणि हसायचा. अर्धा डॉक्टर — खरंच होता तो. माझ्या प्रबंधातली निदान तीस पानं त्याच्या तोंडून आलेली आहेत.

आता नोंदवहीचं सांगायला हवं. सायबर कॅफेत येणाऱ्या प्रत्येकाचं नाव, पत्ता, वेळ लिहून घ्यायचा नियम होता. शब्बीर तो पाळायचा. अनोळखी माणसाला तर ओळखपत्राशिवाय बसू द्यायचा नाही. पण माझं नाव त्यानं एकदाही लिहिलं नाही. पहिल्या दिवशी मी पेन उचललं तर त्यानं वही ओढून घेतली. "तुमी लिवणार? गावचे मास्तर तुमी. मले लाज नाही का?" आमच्याकडे मास्तरला कुणी वहीत सही करायला लावत नाही. तो त्याला अपमान वाटतो — मास्तरचा नाही, स्वतःचा. वहीत माझ्या संगणकापुढे तो रोज स्वतःचं नाव लिहायचा. मला ते माहीत होतं. मला ते आवडायचंही. का नाही आवडणार?

मुंबईवर हल्ला झाला, त्यानंतरच्या हिवाळ्यात पोलीस सगळ्या कॅफेंची तपासणी करत फिरत होते. शब्बीरकडे आले. कोपऱ्यातल्या संगणकात काय काय सापडलं असेल, तुम्हीच विचार करा. चार महिन्यांचं माझं सगळं काम. आणि वहीत त्या संगणकापुढे चार महिने एकच नाव.

दुपारी मला पोलीस ठाण्यात बोलावलं. साहेब खुर्चीतून उठले, मला बसायला सांगितलं, चहा मागवला. शब्बीर भिंतीशी बाकावर बसला होता. मला पाहून त्याचा चेहरा सैल झाला — आता सुटलो, असा. तो चेहरा मी अजून...

साहेब म्हणाले, "सर, ये बोल रहा है सब आपका है. कॉलेज की पढ़ाई का. सही है क्या?"

किती सोपं होतं! 'हो' म्हणायचं. विद्यापीठाचं पत्र माझ्या बॅगेत होतं. विषयाला रीतसर मंजुरी होती. फार तर एक-दोन दिवस चौकशी झाली असती, कॉलेजात कुजबुज झाली असती. पण टेबलावरची ती वही उघडी होती. मला दिसलं की तिच्यात मी नाही. आणि 'हो' म्हणायच्या आधी मी हिशोब केला — बघा, तेवढ्यात हिशोब होतो माणसाचा — की मी नाही म्हणालो तर ते माझं होतं हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही.

मी म्हणालो, "मी प्रश्नपत्रिका टाइप करून घेतो याच्याकडे. बाकीचं मला माहीत नाही."

शब्बीर काही ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "काऊन भाऊ?"

मी चहा न पिता बाहेर आलो.

तीन दिवस ठेवलं त्याला. दुसऱ्या दिवशी त्याची माय माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेरच बसली. "मास्तर, तुमी मोठे मानूस. एक शब्द टाका ना साहेबापाशी. माह्या पोरानं कोनाचं का बिघडवलं?" म्हणजे ते सगळं माझं होतं, हे त्यानं तिला सांगितलं नव्हतं. मी तिला म्हणालो, बघतो. काय बघितलं मी? कपडे घालून रेल्वे स्टेशनपर्यंत गेलो आणि तिथूनच परत आलो. घरी येऊन तिला निरोप पाठवला — बोललोय.

गुन्हा दाखल झाला नाही, त्या वाचनापलीकडे काही सापडलंच नाही तर होणार कसा? पण गाळामालकानं गाळा खाली करून घेतला. लग्नपत्रिका त्याच्याकडून छापून घ्यायला कुणी तयार होईना. उन्हाळ्याच्या आत तो रायपूरला निघून गेला.

मी प्रबंध पुरा केला — नागपुरात टाइप करून घेतला. आभाराच्या पानावर अकरा नावं आहेत, शब्बीरचं नाही. आणि पाचवं प्रकरण आहे भरतीवर. हे गट अपमान झालेला माणूस हेरतात, त्याला सांगतात की तुझं इथे कुणी नाही — असं मी पुराव्यांसह लिहिलंय. परीक्षकांना ते प्रकरण फार आवडलं. शब्बीर अशा कुठल्या वाटेला गेला नाही. तो रायपुरात फ्लेक्स छापत होता. त्याचं श्रेय मला नाही. त्याला तिकडे ढकलायला माझ्याकडून करायचं ते मी करून चुकलो होतो.

मागच्या हिवाळ्यात कामठ्याला दहशतवादावर माझं व्याख्यान होतं. आता मी या विषयातला जाणकार समजला जातो. शेवटी एक म्हातारे गृहस्थ उठले. "सर, तुमच्या दवनीवाड्याचाच एक त्यायच्यात होता ना? पकडला होता म्हंतेत." लोक माझ्याकडे पाहायला लागले. म्हणजे इतक्या वर्षांत माझं खोटं गावोगाव फिरून खरं होऊन बसलं होतं. आणि मी काय केलं असेल? मी म्हणालो, "पुढचा प्रश्न."

त्यानंतर झोप लागेना, जेवण जाईना, वर्गात वाक्यं अर्धवट सुटायला लागली. आठव्या दिवशी रायपूरची गाडी पकडली. गाडीत बरीच वाक्यं जुळवली — नोकरी कायम व्हायची होती, मुलगी लहान होती, दिवसच तसे होते. दुर्ग येईस्तोवर ती सगळी खोडून टाकली.

शब्बीरचे केस पिकलेत. फ्लेक्सच्या मशीनपाशी उभा होता, चार कामगार, प्रचंड आवाज. त्यानं मला ओळखलं आणि हातातलं काम चालूच ठेवलं. मी जवळ जाऊन हळूच बोललो. त्याला ऐकू आलं नाही.

"का म्हंता?"

मी पुन्हा हळूच बोललो. त्यानं हात पुढे करून मशीन बंद केली. कामगार माना वळवून बघायला लागले. मला वाटलं, बाहेर चल म्हणावं. तसं म्हणालो नाही; सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो.

"शब्बीर, ते सगळं माझं होतं. मी पोलिसांना खोटं सांगितलं. तुझ्या मायलाही खोटं सांगितलं, साहेबाशी बोललो म्हणून — मी गेलोच नव्हतो. माझं चुकलं. मला माफ कर, असंही म्हणत नाही. माझं चुकलं."