सीटखालचा पिवळा कनेक्टर

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तिला घरी आणायला मी आमच्या जुन्या गाडीची डावी सीट पार मागे सरकवली. तिला पाय लांब करून बसता यावं म्हणून. दुसऱ्या दिवशी डायलवर एअरबॅगचा लाल दिवा लागला, तो जाईचना.

सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी झाली. "मॅडम, एअरबॅगचं अख्खं मॉड्यूलच बदलावं लागेल," काउंटरवरचा माणूस म्हणाला. मी हो म्हटलं नाही. स्कॅनरवर नेमकं काय आलंय ते कागदावर लिहून मागितलं. त्याने नाखुशीनेच लिहून दिलं: पुढची डावी सीट, साइड एअरबॅग, रेझिस्टन्स जास्त.

करी रोडच्या घरी तो कागद बाबांपुढे ठेवला. बाबांनी मिलमध्ये वायरमन म्हणून उभी हयात काढलेली. एअरबॅग त्यांनी कधी पाहिलेली नव्हती, पण 'रेझिस्टन्स' वाचल्यावर ते ताठ बसले.

"म्हणजे वायर कुठेतरी नीट बसत नाहीय गो. दिवा लागायच्या आधी सीटला कोणी हात लावला होता?"

"मीच. आईसाठी मागे सरकवली होती."

रविवारी सकाळी आम्ही दोघं खाली उतरलो. बाबांनी सोबत वायर तपासायचा मीटर घेतला होता.

"तो नाही लावायचा," मी म्हटलं. "गाडीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. मीटरच्या करंटनेसुद्धा एअरबॅग फुटू शकते."

आयुष्यभर मीटरवर विश्वास टाकलेल्या माणसाने तो खिशात ठेवला. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली आणि साठलेला करंट उतरावा म्हणून पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्तच वेळ थांबलो. मग मी फूटमॅटवर आडवी होऊन टॉर्च मारला. वायरला धरून ठेवणारी क्लिप तुटली होती. सीट मागे गेल्यावर वायर ताणली गेली होती आणि पिवळा कनेक्टर अर्धवट निसटला होता. मी तो आत दाबला. टक.

"आवाज आला," बाहेरून बाबा म्हणाले.

वायरला थोडी ढील देऊन प्लास्टिकच्या पट्टीने बांधली, बॅटरी जोडली, चावी फिरवली. दिवा तसाच. माझा चेहरा पडला. बाबा मात्र शांत होते. "मशीनच्या डोक्यात जुनी तक्रार राहिली असेल. ती पुसायला हवी."

लालबागच्या मेकॅनिकने स्कॅनर लावून नोंद पुसली. चावी फिरवल्यावर दिवा काही सेकंद लागला आणि विझला. मी सीट पुढे घेतली, मागे नेली, परत पुढे. विझलेलाच.

"कोणी शोधलं हे?" मेकॅनिकने विचारलं.

"आम्ही दोघांनी," बाबा म्हणाले.

संध्याकाळी आईला घेऊन शिवाजी पार्कला गेलो. ती पाय पसरून आरामात बसली होती. मागच्या सीटवरून बाबा माझ्या खांद्यावरून वाकून वाटभर डायलच बघत होते, आणि प्रत्येक सिग्नलला सांगत होते, "नाही लागला."