कानाचं मशीन आणि पडवीतले चार लूम

डॉक्टरांनी तोंडासमोर फाइल धरली आणि माझ्या बायकोला विचारलं, "बाई, तुमचं माहेर कुठलं?"

शेवंती नुसती हसली आणि माझ्याकडे बघू लागली. त्यांनी फाइल खाली घेऊन तेच पुन्हा विचारलं, तेव्हा तिने लगेच सांगितलं, "काल्हेर."

"यांना ऐकू येत नाही. ओठ बघून समजून घेतात," डॉक्टर मला म्हणाले. "कधीपासून?"

मला सांगता येईना. कानात सारखं गुणगुणतं एवढीच तिची तक्रार होती, म्हणून मी तिला भिवंडीहून मुंबईच्या या हॉस्पिटलात आणलं होतं.

मग ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत कानांवर हेडफोन लावून लहानमोठे आवाज सोडतात. ऐकू आला की बोट वर करायचं. मी काचेतून बघत होतो. तिचं बोट मांडीवरून हलेना. मी बाकावरून उठत होतो, बसत होतो, परत उठत होतो.

निदान होतं नर्व्ह डेफनेस. म्हणजे कानाचा आतला, नसेकडचा भाग निकामी होणं. औषधाने तो बरा होत नाही. घरात मोठा आवाज असतो का, असं विचारल्यावर मी मान खाली घातली.

आमच्या पडवीत कापड विणायचे चार लूम, म्हणजे यंत्रमाग, होते. पडवीची भिंत तीच स्वयंपाकघराची भिंत. मी दिवसभर बाजारात सुताच्या दुकानात बसायचो. त्या खडखडाटात ती राहायची. लूम चालू असले की घरातले सगळेच समोर येऊन, तोंड मोठं उघडून, हातवारे करून बोलत. त्यामुळे तिचं ऐकणं गेलेलं कोणाला कळलंच नाही. मागून हाक मारली आणि ती वळली नाही, की मला वाटायचं, माजली आहे. एकदा मी ताट सरकवून उठलो होतो. ती बराच वेळ त्या ताटाकडे बघत बसली होती.

तिला कानाचं मशीन मिळालं. काडेपेटीहून थोडी मोठी डबी, ती ब्लाउजला अडकवायची. तिची वायर कानात. घरी येऊन बटण फिरवलं आणि दुसऱ्याच क्षणी तिने वायर उपटून काढली. मी चिडलो. सवय करायला नको का, असं म्हणालो.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी समजावलं, "मशीन आवाज निवडत नाही, नुसता वाढवतं. तुमचं बोलणं वाढतं तसे लूमही वाढतात."

शुक्रवारी वीज बंद, म्हणून लूमही बंद. त्या दिवशी तिने मशीन लावलं. मी मागे उभा राहून हळूच नाव घेतलं आणि ती वळली. तिची माफी मागायची होती, पण त्या शांततेत धीर होईना. घरात नुसता फिरत राहिलो.

शनिवारी लूम सुरू झाले, तेव्हा मला धीर आला. तिच्यासमोर उभा राहून, तोंड मोठं उघडून मी ताटाची, रागाची, सगळ्याची माफी मागू लागलो. तिने हाताने थांबवलं.

"निसतं तोंड हलतंय तुमचं," ती म्हणाली. "आदी लूम बंद करा. मंग बोला."

भिवंडीजवळ टेमघरला लूमसाठी शेड मिळेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आता लूम तिथे आहेत. कारागिरांना मी कानात घालायला कापूस देतो. ते हसतात आणि खिशात ठेवतात. तिथून निघताना अजूनही मन स्वस्थ नसतं.

तुमच्या घरात कोणी हाकेला वळत नसेल, तर रागावण्याआधी एकदा तोंड झाकून काहीतरी विचारून बघा. मला ते शिकवणाऱ्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

लूम गेले त्या संध्याकाळी पडवी रिकामी होती. शेवंतीने डबीचं बटण फिरवलं, माझ्यासमोर येऊन बसली आणि मग मुद्दाम पाठ फिरवली.

"हां," ती म्हणाली, "आता बोला."