डोहाचा ठावठिकाणा

कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा, डोळे मिटायचे आणि सांगून टाकायचं, "वर तापलंय, भाऊ. मासा खाली गेला. चला, च्या पिऊ." उन्हाळ्यात मामांचा दिवस असा सुरू व्हायचा. नुसता हात घालून मासा कुठे गेला ते कळतं का, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. "सासुरवाडीत पाय ठेवल्याबरूबर तुमाला कळतं न्हाई व्हय, सासरा घरात हाय का न्हाई?" म्हणाले.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी नागापूरला एका कारखान्यात लेथवर होतो आणि रविवारी गळ घेऊन मुळा धरणावर. मासेमार म्हणून माझी कीर्ती अशी, की निघताना बायको विचारायची, "मसाला वाटू, का पिठलं टाकू?" आणि उत्तराची वाट न बघता बेसनाचा डबा काढायची.

मामा म्हणजे धरणावरचे जुने मासेमार, सगळ्यांचेच मामा; धरणात बुडालेल्या गावातले. पाणी ओसरलं की बोटानं दाखवायचे, "हितं गिरनी हुती. तितं आमचा गोठा." एका मे महिन्यात त्यांनी मला थर्माकोलच्या तराफ्यावर घेतलं. मी बसलो तशी ती बाजू पार खचली. "भाऊ, पिठलं बेतानं खात जावा," म्हणाले. मधोमध गेल्यावर मात्र त्यांचा आवाज बदलला.

"ह्याच्या खाली नदीचा जुना डोह हाय. थोराड माद्या आता अंड्यावर हायेत, गारव्याला हितंच बसत्यात. पयला पूर येईस्तोवर आमच्यातलं कोनी हितं जाळं टाकीत न्हाई. आनि भायेर बोलायचं न्हाई. जो बोलला, त्याच्या जाळ्याला कोनी जाळं जोडीत न्हाई."

ही शिक्षा साधी वाटते, पण नाही. एवढ्या पाण्यात एकट्याचं जाळं म्हणजे हातरुमाल. पाच-सहा जणांनी टोकाला टोक बांधलं तरच घरी कालवण होतं.

मी ते गुपित चार दिवस सांभाळलं. पाचव्या दिवशी कँटीनमध्ये आमचे सुपरवायझर म्हणाले, "काय हो, या रविवारीही पिठलंच का?" सगळे हसले. मग मी सांगितलं. डोह, गिरणी, अंड्यावरच्या माद्या, सगळं. मामांच्या आवाजाची नक्कलसुद्धा केली. तीही लोकांना आवडली.

सुपरवायझरचा मेहुणा विहिरी खोदायचा. त्याच्याकडे सुरुंगाच्या कांड्या असायच्या.

रविवारी सकाळी सुपरवायझरकडून आमच्या घरी डबा आला. डबाभर ताजी गाभोळी, माशांच्या पोटातली अंडी. कुठली, ते मी विचारलं नाही. न विचारता कळलं होतं. बायकोनं रवा लावून तळली, पोरांनी ताटं चाटली, आणि मी दोनदा मागून घेतली.

दुपारी धरणावर गेलो, तर काठाला बोटाएवढी पिल्लंसुद्धा पोट वर करून लागलेली. चहाच्या टपरीवर मासेमार जमले होते. आरडाओरडा नव्हता. एकानं माझ्याकडे बघत विचारलं, "ठिकान कोन बोललं?"

माझ्या मिशीला अजून तळणाचा वास होता.

"म्या बोललो," मामा म्हणाले.

"मामा, तुमी?"

"व्हय. माझ्याच तोंडातनं गेलं."

यात खोटं काहीच नव्हतं, असं मी स्वतःला समजावलं. मला सांगितलं होतं त्यांनीच. एवढा युक्तिवाद करून मी कपातला चहा संपवला. बशीतलासुद्धा.

त्यानंतर मामांच्या जाळ्याला कुणी जाळं जोडलं नाही. दोन आठवड्यांनी ते जायकवाडीच्या बाजूला, शेवगावकडे, लेकीच्या गावी निघाले. मी पोचलो तेव्हा टेम्पो भरत होता. आज सांगायचंच, असं ठरवून गेलो होतो. स्कूटरवर वाक्यंही पाठ केली होती.

"भाऊ, एक टोक धरता का?" त्यांनी जाळ्याची गोणी दाखवली.

वाळलेल्या जाळ्याला वजन नसतं. त्यांना ती एका हातानं उचलता आली असती. तरी मला बोलावलं. टेम्पो वीस-पंचवीस पावलांवर, पण मामा अगदी सावकाश चालले. मध्ये एकदा थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी म्हणालो, "ऊन फार आहे."

"व्हय," म्हणाले, आणि माझ्या हातातलं टोक काढून घेऊन गोणी एकट्यानंच वर टाकली.